पहिला हिसका वर

१

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात धारला माझी स्कूटी घसरली आणि डावा घोटा मोडला. सहा आठवड्यांचं प्लास्टर. बॅग भरून मी देवासला आईबाबांकडे आले आणि पहिला फोन शंतनूला केला. म्हटलं, मला घरून काम करायची सोय करून दे, नाहीतर माझी पीएचडी बुडाली समज.

शंतनू आमच्या भूविज्ञान विभागातलं कॉम्प्युटरचं सगळं बघतो. जुन्या धारकर मराठी घरातला मुलगा. आजीशी बोलताना 'आपण बसावे' आणि कँटीनमध्ये 'क्या भिया'. तासाभरात त्याने फोनवरूनच माझ्या लॅपटॉपवर व्हीपीएन चढवून दिलं.

"बघ, विभागाचा सर्व्हर बाहेरून कुणालाच दिसत नाही," तो म्हणाला. "हे चालू केलंस की तुझ्या घरापासून आमच्या तळघरापर्यंत एक सुरंग तयार होते, भुयारासारखी. सर्व्हरला वाटतं, तू इथेच बसली आहेस. काम झालं की बंद करत जा."

सर्व्हरवर तीन भूकंपमापकांच्या नोंदी येत. एक निसरपुरजवळ नर्मदेच्या फुगवट्याकाठी, दुसरा मनावर या गावात, तिसरा विभागाच्याच तळघरात. धरणाचं पाणी चढलं की त्याच्या भाराने जमीन आतून बारीक कुरकुरते का, हा माझा विषय. तीन वर्षं मी बसले होते आणि तीन वर्षांत मला नोंदींमध्ये मिळाल्या होत्या म्हशी, ट्रॅक्टर आणि खदानीतले सुरुंग. मुदतवाढ मार्चमध्ये संपत होती.

बाबा सकाळीच गिअरच्या कारखान्यात जात. पावणेदहाला आई शाळेत शिकवायला जाई. साडेदहाला मी डायनिंग टेबलापाशी बसे, प्लास्टरचा पाय समोरच्या खुर्चीवर ठेवे आणि व्हीपीएन चालू करी. कोपऱ्यातलं छोटं कुलूप हिरवं झालं की मी धारला पोचलेली असे.

२

चौथ्या दिवशी कुलूप हिरवं झालं आणि निसरपुरच्या आलेखावर पावलं दिसली.

पावलं ओळखणं कठीण नसतं. एकसारख्या अंतराने उठणारे छोटे काटे. ही अगदी बारीक, म्हणजे लांबची होती. चार पावलं, मग थांबणं. पुन्हा चार पावलं, पुन्हा थांबणं. चालताना मध्येच उभं राहून कुणी कानोसा घ्यावा तसं.

मी आधी कंटाळूनच बघत होते. मग आठवलं की तिथे कुणी चालूच शकत नाही. तिथलं गाव उठून वरच्या वसाहतीत गेलंय. जुन्या शाळेची एक खोली तेवढी टेकाडावर उरली आहे, तिच्यात आमचं यंत्र. सप्टेंबरपासून त्या खोलीच्या चारी बाजूंना पाणी असतं. नावेशिवाय जाता येत नाही आणि किल्ली शंतनूच्या ड्रॉवरमध्ये.

"कुत्रं असेल पोहत आलेलं," शंतनू फोनवर म्हणाला.

"दोन पायांचं?"

"मग भूत असेल भिया. मला मीटिंग आहे."

मी हसले आणि आलेख मोठा करून बघितला. तेव्हा मला ते दिसलं, आणि खरं सांगते, अंगावर जो काटा आला तो आनंदाचा होता.

माणूस जमिनीवर पाय टेकवतो तेव्हा जमीन आधी खाली दबते. आलेखावर पहिला हिसका खाली जातो, मग वर. गाय असो, माणूस असो, पहिला हिसका खाली. इथे प्रत्येक पावलाचा पहिला हिसका वर होता. जमीन आधी वर उचलली जात होती.

कुणीतरी खालून पाय टेकवत होतं.

३

अर्थात मी असं काही मानलं नाही. मी वायर उलटी जोडली गेली असं मानलं. मनाशी म्हटलं, प्लस मायनस बदललं की आलेख उलटा येणारच. मग दुपारी पावणेएकला खदानीत सुरुंग फुटला. त्याचा धक्का तिन्ही यंत्रांवर आला आणि तिन्हीकडे सारखाच, जसा यायला हवा तसा. म्हणजे वायर ठीक होती.

दुसरी शंका अशी, की मी लॉगिन केलं की सर्व्हर एखादा चाचणीचा सिग्नल सोडत असेल. कारण पावलं मी जोडली गेले की चार-पाच सेकंदांत सुरू होत आणि मी बंद केलं की थांबत. शंतनूला विभागात बसवून मी ही गोष्ट बारा वेळा तपासली. तो सरळ सर्व्हरवरच बघत होता.

"शांत," तो म्हणे. "काही नाही. आता जोड."

मी जोडायची.

"आली," तो म्हणे. पहिल्यांदा हसत, मग न हसता. "उर्वी, चाचणीचं चॅनल बंद आहे. मी स्वतः वायर काढून ठेवली आहे."

बारापैकी बारा. तीन दिवस आम्ही दोघं जेवणसुद्धा विसरलो. रोज पावलं मोठी होत होती, म्हणजे यंत्राजवळ येत होती, आणि आदल्या दिवशी जिथे थांबली तिथूनच पुढे निघत होती. तिसऱ्या दिवशी ती यंत्राच्या बरोबर खालून गेली. आलेखाची पट्टी काठोकाठ भरली. त्यानंतर ती बारीक होत होत ईशान्येला निघून गेली.

मी माझे गाइड, डॉ. मोरोपंत चिटणीस यांना फोन केला. सर जूनमध्ये रिटायर होणार होते. चाळीस वर्षांत त्यांच्या नावावर एकही मोठी गोष्ट नव्हती आणि ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"उर्वी," ते म्हणाले, "कुणाला काही बोलू नकोस. एकही नोंद गाळू नकोस. हे काय आहे ते आपण नंतर ठरवू."



४

मनावरचं यंत्र उमाशंकर माडसाबांच्या घरी आहे. रिटायर झालेले हिंदीचे मास्तर. मागच्या कोठारातली एक खोली त्यांनी आम्हाला दिली आहे, कुलूप लावून. त्यांचा फोन आपणहून आला.

"बिटिया, कोई मेकॅनिक भेजा है क्या तुम लोगों ने?"

"नाही माडसाब. का?"

"खोलीत कुणी चालतंय. मी बाहेरून आवाज दिला, चहा घ्या म्हटलं. जबाब नाही. कुलूप तर बाहेरून लागलेलं."

मी त्याच क्षणी जोडलेली होते. मनावरच्या पट्टीवर चार काटे उठले आणि थांबले. माझ्या छातीत असं काही नाचायला लागलं की मला खुर्ची धरावी लागली. म्हणजे आलेख खोटा नव्हता. सर्व्हर काही खेळ करत नव्हता. एक जिवंत माणूस तेच कानांनी ऐकत होता.

"माडसाब, कुलूप उघडून बघता का? मी फोनवर आहे."

कुलूप निघाल्याचा आवाज आला. दार घासल्याचा आला. मग ते म्हणाले, "कुणी नाही. फरशीवर धूळ आहे, जशीच्या तशी. माझ्याच चपलेचे ठसे उठतायत फक्त."

"फरशीला हात लावून बघा."

ते वयस्कर माणूस, गुडघे धरत खाली बसले असणार. मी पडद्यावर चार काटे मोजले.

"नीचे से आ रहा है," ते हळूच म्हणाले. त्यानंतर जे म्हणाले ते मी वहीत तसंच लिहून ठेवलं आहे. "बिटिया, थंडीचे दिवस आहेत आणि ही फरशी गरम आहे. एकदम पायाएवढी जागा."

मी त्यांना धन्यवाद दिले. फोन ठेवला आणि वहीत 'तापमान' असा नवा रकाना पाडला.

५

मनावरहून धार. आता दिशाही ठरलेली होती, गतीही. मी जितके तास जोडलेली असे त्यावरून ते किती पुढे येतं हे मी सांगू शकत होते, फक्त आकडा कुठल्याही चालण्याशी जुळत नव्हता. दोन यंत्रांमधलं चाळीस-पन्नास किलोमीटरचं अंतर ते एका सकाळीत कापत होतं आणि यंत्राजवळ आलं की पुन्हा चार पावलं, थांबणं.

मंगळवारी सव्वाअकराला ते विभागाच्या तळघराखाली आलं. शंतनू तयारच होता. फोन कानाला लावून तो खाली उतरला.

"मी यंत्राच्या चौथऱ्याशेजारी उभा आहे," तो म्हणाला. "बूट काढले. फक्त मोजे. सांग."

"चार. थांबलं. तुझ्यापासून तीन-चार मीटरवर असेल."

"मला कळतंय, तळव्यांना." त्याला हसू आवरत नव्हतं. "आईशप्पथ, उर्वी. थांब, मी चालून बघतो."

तो एक पाऊल चालला. पडद्यावर त्याचा काटा आला, पहिला हिसका खाली. लगेच त्याला चिकटूनच दुसरा, पहिला हिसका वर. तो दुसरं पाऊल चालला. पुन्हा तसंच. तिसऱ्याला दोघांमधलं अंतर नाहीसं झालं. खालचा हिसका आणि वरचा हिसका एकाच वेळी, एकाच जागी. दोघं एकमेकांना कापून टाकत होते आणि पट्टी सरळ झाली होती, कुणीच चालत नसल्यासारखी.

इतकी सुंदर नोंद मी आयुष्यात पाहिली नव्हती.

"उर्वी," शंतनू म्हणाला. त्याच्या आवाजातलं हसू गेलं होतं. "बंद कर."

"एक मिनिट. अजून एक पाऊल टाक."

"बंद कर ना."

मी बंद केलं, पण लगेच नाही. नंतर नोंदीवरून मोजलं. त्याने पहिल्यांदा सांगितल्यापासून अकरा सेकंद.

संध्याकाळी त्याचा फोन आला. तो घरी पलंगावर मांडी घालून बसला होता. म्हणाला, "मधे फरशी होती, मोजा होता. तरी तळव्याला तळवा लागला. बोटांना बोटं. त्याने माझ्या पायाचं माप घेतलं, उर्वी. तू आता ते व्हीपीएन चालू करू नकोस. माझं ऐक."

६

मी दोन दिवस केलं नाही. वाटलं होतं त्यापेक्षा कठीण गेलं. सकाळी साडेदहा वाजले की हात लॅपटॉपकडे जायचा. सरांचे तीन फोन येऊन गेले, की धारची पूर्ण नोंद हवी, ते धारहून पुढे जाताना कसं दिसतं ते हवं. शुक्रवारी मी मनाशी म्हटलं, फक्त पाच मिनिटं.

कुलूप हिरवं झालं. निसरपुर शांत. मनावर शांत. धारचं तळघरही शांत. तिन्ही पट्ट्या सरळ रेघा. पाच मिनिटं झाली, वीस झाली, दीड तास झाला. मला एवढी निराशा वाटली की रडू यायला लागलं. संपलं, असं वाटलं. हाती आलेलं गेलं.

मग माझ्या उजव्या पायाला कळलं. प्लास्टरचा पाय खुर्चीवर होता आणि उजवा अनवाणी, कोट्याच्या फरशीवर. आमच्याकडे कुठलंही यंत्र नाही. तळव्यालाच कळलं. चार पावलं, दिवाणखान्याच्या दारापासून टेबलाच्या दिशेने. थांबणं.

मी व्हीपीएन बंद केलं. हिरवं कुलूप विझलं. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते बंद केल्यावर थांबलं नाही. माझ्या खुर्चीला वळसा घालून चार पावलं, पुन्हा चार, आणि स्वयंपाकघरात जाऊन ते उभं राहिलं.

कुबड्या घेऊन मी तिकडे गेले. ओट्यापुढे, गॅसच्या समोर, वाकून हात लावला. दोन पायांएवढी जागा गरम होती.

हेही लिहून ठेवायला हवं की त्या क्षणी मला भीतीच्या आधी जे वाटलं ते असं, की ते माझ्याकडे आलंय. तीन वर्षांत पहिल्यांदा काहीतरी माझ्याकडे आलं होतं.

७

आई दिवसभर वर्गात उभी असते. थंडीत तिच्या टाचा फार दुखतात. त्या संध्याकाळी पोळ्या करताना ती म्हणाली, "अगं, इथे फरशी उबदार कशी लागतेय? टाचा शेकल्यासारख्या वाटतायत."

"चपला घाल ना आई घरात."

"छे, किती बरं वाटतंय."

शनिवारी ती पोळ्या झाल्यावरही तिथेच उभी राहिली. रविवारी बाबांनी दोनदा हाक मारली तरी आली नाही. भाजी चिरायची म्हणून उभी, दूध तापायचं म्हणून उभी, काही नाही म्हणून उभी. चेहऱ्यावर असं समाधान की तिला हलवायचा धीर होईना. मी तिला खोटंच सांगितलं, की खालची पाण्याची लाइन फुटली आहे, करंट येऊ शकतो. ती हसली. "काही होत नाही गं."

सोमवारी तिने शाळेतून सुट्टी घेतली. आईने पंचवीस वर्षांत अशी कारण नसताना सुट्टी घेतलेली मला आठवत नाही.

सकाळचे नऊ वाजले होते. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने ऊन आत येतं, फरशीवर लांबपर्यंत आडवं पडतं. मी दिवाणखान्यातल्या दिवाणावर पडले होते. तिथून माझी नजर जमिनीलगत होती आणि दारातून आईचे पाय सरळ दिसत होते. पाठमोरी उभी होती. ऊन तिच्या पायांपर्यंत आलं होतं.

ते तिच्या पायांखालून पलीकडे गेलं होतं.

आईच्या तळव्यांच्या आणि फरशीच्या मध्ये बोटभर उजेड होता. टाचेपासून अंगठ्यापर्यंत, दोन्ही पायांखाली. ती कशावरही उभी नव्हती, आणि अगदी पक्की उभी होती.

मी हाक मारली. काय मारली आठवत नाही. आईने मान वळवली आणि त्याबरोबर ते अंतर मिटलं. "काय गं?" ती म्हणाली. तिचे डोळे झोपेतून उठल्यासारखे होते.

८

दहा वाजता सरांचा फोन आला. त्यांनी सगळं ठरवून टाकलं होतं. अकरा वाजता देशभरातले अडतीस शास्त्रज्ञ आपापल्या घरून, ऑफिसातून एकाच वेळी आमच्या सर्व्हरवर येणार होते. सगळ्यांना व्हीपीएन दिलं होतं. प्रत्येकाला ते थेट बघता येणार होतं.

"पण एक विचारायचंय," सर म्हणाले. "शंतनू मघापासून माझ्या मागे लागलाय, हे करू नका म्हणून. धड सांगत नाही. तू यात सगळ्यात जास्त गुंतलेली आहेस. काही धोका आहे का? तू नको म्हणालीस तर मी आत्ता रद्द करतो. मला राग येणार नाही."

मी स्वयंपाकघराकडे बघितलं. आई पुन्हा तिथे जाऊन उभी होती.

अडतीस सुरंगा. मी पटकन हिशेब केला. ते जिथे वाट उघडी असेल तिकडे जातं.

"घ्या सर," मी म्हणाले. "काही धोका नाही."

"शाबास," सर म्हणाले. एवढा आनंद मी त्यांच्या आवाजात कधी ऐकला नव्हता.

अकरा वाजता पडद्यावर व्हिडिओ मीटिंगचे छोटे छोटे चौकोन भरत गेले. टकलू गृहस्थ, शाल घेतलेल्या बाई, मागे पुस्तकांची कपाटं, एकाच्या मागे मांजर. मी माझा आवाज बंद ठेवला. सरांनी सुरुवात केली. निसरपुरची नोंद दाखवली, पहिला हिसका समजावला. सगळे पुढे झुकून ऐकत होते. तिन्ही पट्ट्या सरळ होत्या.

"उर्वी," आतून आई म्हणाली, "फरशी गार पडली गं."

हातातलं काहीतरी कुणी काढून घ्यावं तसा आवाज होता. मग तिची पावलं ऐकू आली, साधी, टाचा ओढत चालणारी. ती बाहेर येऊन खुर्चीवर बसली आणि टाच चोळायला लागली. मी तिचा पाय दोन्ही हातांनी धरला. तो थंडगार होता. मला इतका आनंद झाला की पडदा धूसर दिसायला लागला.

डोळे पुसून बघितलं तेव्हा टकलू गृहस्थ खाली बघत होते. टेबलाखाली, स्वतःच्या पायांकडे. त्यांच्या शेजारच्या चौकोनातल्या शालवाल्या बाईंनी खाली बघितलं. मग वरच्या रांगेत एकाने, मग एकदम तिघांनी. प्रत्येकाला वाटत असावं, हे फक्त आपल्याच खोलीत आहे.

सर वाक्याच्या मध्येच थांबले. "एक मिनिट हं," म्हणाले आणि वाकले. त्यांचे पांढरे केस तेवढे दिसत राहिले. वर आले तेव्हा त्यांचा चेहरा मऊ झाला होता.

"थंडीत बरं वाटतं," ते कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाले, आणि खुर्चीवरून उठून उभे राहिले. बाकीचेही उठत होते. कुणी बूट काढत होतं.

मी व्हीपीएन बंद केलं. माझ्याकडे बंद करण्यासारखं तेवढंच होतं. मीटिंगचे चौकोन मात्र पडद्यावर तसेच राहिले. आईचा पाय माझ्या मांडीवर होता आणि समोर सगळी माणसं डोळे मिटून उभी होती. बघता बघता त्यांची डोकी, एकेक करून, चौकोनांमध्ये बोटभर वर सरकली.